ठाण्यातली खुर्ची आणि नियम तेरा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटे चारला उठून धावू लागतात. विहारामागचे मैदान, साखर कारखान्याचा रस्ता, धरणाची भिंत, जिथे जागा मिळेल तिथे. २०२४ च्या भरतीत महाराष्ट्रात १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांच्या वर अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे शंभर जण. यांना विचारा, बाबांनो, पोलिसातच का? उत्तर ठरलेले आहे. सरकारी नोकरी आहे, पगार बांधलेला आहे, बहिणीचे लग्न जमेल. यात काहीही वावगे नाही. पोट भरल्याशिवाय स्वाभिमानाची भाषा फार दिवस टिकत नाही, हे आमच्या आई-बापांनी गिरणीत, रेल्वेत आणि नगरपालिकेच्या कामगारात राबून आम्हाला शिकवले आहे.

परंतु ही केवळ नोकरी आहे काय? वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्या तसेच समजतात. उंची किती, छाती किती, गोळा किती मीटर फेकायचा, एवढे छापले की त्यांचे कर्तव्य संपते. आमचे म्हणणे वेगळे आहे. पोलीस ठाण्यात फिर्याद घेणाऱ्या खुर्चीवर कोण बसतो, हा प्रश्न अॅट्रॉसिटी कायद्याचाच एक भाग आहे. हे आम्ही जयंतीच्या भाषणातले वाक्य म्हणून सांगत नाही, ते नियमात लिहिलेले आहे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालचे नियम १९९५ साली आले. त्यातला नियम ७ आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ आहे, कारण तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, असे तो सांगतो. नियम १२ ही माहीत आहे, कारण त्यात पीडितांना द्यायच्या मदतीचा विषय आहे. पण नियम १३? त्याचे पहिले कलम म्हणते की, अत्याचारप्रवण क्षेत्रात नेमले जाणारे प्रशासकीय अधिकारी व कर्मचारी हे अनुसूचित जाती-जमातींच्या प्रश्नांची जाण असलेले आणि त्या कामाकडे योग्य कल असलेले असावेत, याची खात्री राज्य शासनाने करायची आहे. दुसरे कलम म्हणते की, प्रशासनात आणि पोलीस दलात सर्व स्तरांवर, विशेषतः पोलीस चौकी आणि पोलीस ठाण्याच्या पातळीवर, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना पुरेसे प्रतिनिधित्व मिळेल हेही शासनाने पाहायचे आहे. नियम होऊन तीस वर्षे उलटली. आजवर किती मोर्चांच्या निवेदनांत नियम १३ ची मागणी आली? आमच्या पाहण्यात तरी फार थोड्या. आम्ही आरोपीच्या अटकेची मागणी करतो, फाशीची मागणी करतो, जलदगती न्यायालय मागतो. ज्या ठाण्याने सुरुवातीलाच फिर्याद बिघडवली, त्या ठाण्यात आपला माणूस होता की नव्हता आणि नव्हता तर का नव्हता, हे मात्र विचारत नाही.

फिर्याद कशी बिघडते हे आमच्या वकिलीत रोज दिसते. जातिवाचक शिवी दिली, असे बाई ओरडून सांगते. ठाणे अंमलदार लिहितो, 'शिवीगाळ केली'. शिवी सार्वजनिक ठिकाणी, लोकांच्या नजरेसमोर दिली गेली, हा त्या कलमाचा गाभा. तो फिर्यादीत येतच नाही. आरोपी कोणत्या जातीचा आहे तेही लिहिलेले नसते. आणि मग तीन वर्षांनी न्यायालयात बचावाचा वकील उठून म्हणतो, महोदय, मूळ फिर्यादीत हे काहीच नाही, ही नंतरची भर आहे! खटल्याचा निकाल न्यायाधीश देतात हे खरे, परंतु त्याचा पाया त्या रात्री अकरा वाजता एका हवालदाराच्या पेनाने घातलेला असतो. तो हवालदार दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा त्याला त्या शिवीचे वजनच कळलेले नसते. ज्याच्या आईने ती ऐकली आहे, त्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

संरक्षणाचे काम आणि आमचा समाज यांचे नाते जुने आहे, आणि त्यात एक मोठी विसंगती आहे. गावगाड्यात वेशीची राखण महाराकडे, सरकारी खजिना पोहोचवणे महाराकडे, चोराचा माग काढणे महाराकडे, शिवेच्या भांडणात साक्ष महाराची. म्हणजे आज ज्याला सार्वजनिक सुरक्षा म्हणतात ते काम पिढ्यान् पिढ्या आमच्या माथी होते. मोबदला काय, तर बलुते आणि वतनाचा जमिनीचा तुकडा. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. जे काम फुकट होते ते जन्माने आमचे होते. पण त्याच कामाला जेव्हा पट्टा, बिल्ला आणि महिन्याचा पगार आला, तेव्हा आम्ही अपात्र ठरलो!

सैन्याची हकीकत यापेक्षा वेगळी नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांची संख्या लक्षणीय होती. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या बावीस महार वीरांची नावे कोरलेली आहेत. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते म्हणून बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला. आणि बाबासाहेब दोन वर्षांचे होईपर्यंत, १८९२-९३ च्या सुमारास, ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा शोध लागला होता ना! त्या एका हुकुमाने केवळ पगार गेला नाही. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते, ती शाळा गेली. पेन्शन घेऊन गावी आलेला, चार अक्षरे वाचणारा, पाटलापुढे न वाकणारा माणूस घडायचा थांबला. आमच्या पहिल्या पिढीचे पुढारी याच पेन्शनरांतून आले होते, हे विसरता कामा नये. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये ही बंदी उठवा म्हणून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढच्या निवेदनात सैन्य, आरमार आणि पोलीस यांत मोकळ्या भरतीचा हक्क मागितला तो याच अनुभवावरून. १९४१ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेत मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, ते याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे.

हा इतिहास आम्ही अभिमानासाठी सांगत नाही, अभिमान १ जानेवारीला पुष्कळ होतो. यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. दार उघडायला पन्नास वर्षे लागली आणि ते बंद करायला एक हुकूम पुरला. आणि बंद करताना कोणीही 'महार नकोत' असे म्हटले नाही, कार्यक्षमतेचे कारण दिले गेले. आजही तेच कारण दिले जाते.

आता एक अवघड प्रश्न. तो आमच्या शिबिरांत तरुण मुले विचारतात आणि तो टाळणे बेइमानीचे होईल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी आपली दहा माणसे मारली. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ला घडले आणि स्थानिक पोलिसांची दिरंगाई सगळ्या देशाने पाहिली. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला आणि शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुले विचारतात, सर, ज्या लाठीने आपल्याला मारले, तीच लाठी आपण हातात घ्यायची काय?

त्याहून बोचरा मुद्दा आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरच्या पुस्तकात मांडला आहे. त्या प्रकरणाच्या हाताळणीत दलित समाजातून आलेले अधिकारीही होते, आणि तरीही जे व्हायचे ते झाले. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे न्याय झाला, ही भाबडी समजूत आहे. वर्दी चढली की काही जण आधी आपले आडनाव लपवतात, मग विहारात येणे बंद करतात आणि शेवटी फिर्याद घेऊन आलेल्या आपल्याच माणसाशी इतरांपेक्षा कडक वागतात. कारण त्यांना साहेबांपुढे आपण निःपक्ष आहोत हे सिद्ध करायचे असते. अशांची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

परंतु म्हणूनच नियम १३ पुन्हा वाचावा. त्याचे पहिले कलम संख्येबद्दल नाही, ते जाणिवेबद्दल आहे. आधी जाण, मग प्रतिनिधित्व. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की नुसती जात पुरत नाही, आणि नुसत्या सदिच्छेने ठाणे बदलत नाही. दोन्ही एकत्र लागतात. दुसरे असे की, एका ठाण्यात पन्नासांत एकटा असलेला शिपाई गप्प बसतो. तेच पाच-सहा जण असतील, त्यातला एक अंमलदार असेल आणि वर उपविभागीय अधिकारी कायदा मानणारा असेल, तर त्याच शिपायाचा आवाज निघतो. एकट्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. तो एकटा का ठेवला गेला, हे आपण विचारत नाही. तेव्हा लाठी हातात घ्यायची की नाही, या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो: लाठी कोणाच्या तरी हातात असणारच आहे. ती सोडून दिल्याने ती मोडत नाही.

मग प्रश्न येतो कुठे जायचे याचा. आमची बहुतेक मुले शिपाई भरतीपाशीच थांबतात. ती वाट वाईट नाही. बारावी पास, मागासवर्गीयांना तेहतीस वर्षांपर्यंत वय, मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मैदानीत निम्मे गुण लागतात आणि त्यातून एका जागेमागे दहाजण लेखीला बोलावले जातात. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. आमची मुले मैदान मारतात आणि गणितात अडकतात, हे वर्षानुवर्षांचे दुखणे आहे. त्यावर उपाय महागडी अॅकॅडमी नाही, आठवीचे गणिताचे पुस्तक आहे. विहारात संध्याकाळी एखाद्या निवृत्त शिक्षकाने दोन तास दिले तर ते काम होते, आणि काही गावांत होतही आहे.

पण अॅट्रॉसिटीचा तपास शिपाई करत नाही, उपअधीक्षक करतो. ती खुर्ची राज्यसेवा परीक्षेतून मिळते. उपनिरीक्षकाची लोकसेवा आयोगाच्या गट ब च्या परीक्षेतून मिळते, आणि खात्यातला शिपाईही विभागीय परीक्षा देऊन तिथे पोहोचू शकतो. खटला चालवणारा सहायक सरकारी अभियोक्ता हाही आयोगाकडूनच निवडला जातो. आमच्याकडे येणारे तरुण वकील एक तर न्यायाधीश व्हायचे स्वप्न पाहतात, नाही तर जमिनीच्या दाव्यांत रमतात. अभियोक्ता व्हायचे फार थोड्यांच्या मनात येते. न्यायालयात सरकार पक्षाच्या बाकावर बसून आपल्या बाईची उलटतपासणी चालू असताना वेळेवर हरकत घेणारा माणूस, ही साधी गोष्ट आहे काय? त्या एका हरकतीवर खटले तरलेले आम्ही पाहिले आहेत.

एक नवे दार आहे, ते फारसे कोणाला दिसलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञाने जाणे बंधनकारक केले आहे, आणि राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे रसायनशास्त्र, जीवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींची गरज वाढणार. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था आहेत. खैरलांजीत शवविच्छेदनावरून काय गोंधळ झाला ते ज्यांना आठवते, त्यांना या नोकरीचे मोल वेगळे सांगायला नको. तुरुंग शिपायाचे पदही असेच दुर्लक्षित. देशातल्या कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण एक पंचमांशाहून अधिक आहे, लोकसंख्येत आपण त्याहून कमी आहोत. तुरुंगात झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरवणारे नियम कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत होते. ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. निकालाची अंमलबजावणी होते की नाही, हे बराकीच्या दारात उभा असलेला माणूसच पाहू शकतो.

आणि गावपातळीवर पोलीस पाटील! दहावी पास, त्याच गावचा रहिवासी, वय पंचवीस ते पंचेचाळीस. प्रांत अधिकारी नेमणूक करतात आणि कोणते गाव कोणत्या प्रवर्गाला हे आरक्षणाने ठरते. मानधन २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झाले. वेशीची राखण फुकट करणाऱ्यांच्या नातवाने त्याच गावचा पोलीस पाटील व्हावे, यात जो अर्थ आहे तो पंधरा हजारांत मोजता येत नाही. गाव राखीव निघूनही अर्जच आला नाही, असे घडते. का घडते? कारण पद मिळाले तरी गावात राहायचे आहे, ही भीती. त्या वेळी तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी त्या मुलाच्या मागे उभे राहायला हवे. शहरात बसून लेख लिहिणाऱ्यांनीही, म्हणजे आम्हीही.

केंद्राकडे वळू. सैन्यात अनुसूचित जातींना आरक्षण नाही, जवानांत नाही आणि अधिकाऱ्यांत तर नाहीच. पण सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल, इंडो-तिबेट पोलीस, सशस्त्र सीमा बल या सर्वांत १५ टक्के जागा आहेत. पात्रता दहावी पास, आणि २०२४ पासून शिपाई पदाची परीक्षा मराठीतूनही देता येते. इतकी वर्षे हिंदी-इंग्रजीमुळे आमची मुले मागे राहिली, ती सबब आता उरली नाही. गुप्तवार्ता विभागातही भरती होते, तिथे आरक्षण आहे आणि स्थानिक भाषा येणे ही अट आहे.

या दलांच्या भरतीच्या नियमात एक गंमत आहे. पुरुषांना उंची १७० सेंटिमीटर. सवलत देऊन १६५ कोणाला? गढवाली, कुमाऊनी, डोगरा, मराठा यांना आणि काही डोंगरी राज्यांच्या उमेदवारांना. ही नावे कुठली आहेत? जुन्या लष्करी वर्गवारीतली! डोंगराळ भागात उंची कमी असते हे शास्त्र असेल तर ते मातीला लागू व्हावे, जातीला नव्हे. 'मराठा' याचा अर्थ प्रदेश असा घेतला तर आमची तक्रार नाही. जात असा घेतला, तर मावळातल्या एकाच गावच्या, एकाच नदीचे पाणी प्यालेल्या दोन मुलांना दोन मापे लागतात. संसदेतल्या आपल्या प्रतिनिधींनी हा प्रश्न लेखी विचारावा. १८९३ ची सावली अजून एका तक्त्यात पडलेली आहे.

दाखल्याचेही सांगितले पाहिजे, कारण इथे हुशार मुले बाद होतात. १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि केंद्राने बौद्धांच्या सवलती नाकारल्या. महाराष्ट्राने १९६० पासून राज्यापुरत्या त्या दिल्या, पण केंद्रीय नोकऱ्यांचे दार १९९० च्या घटना आदेशातील दुरुस्तीनंतर उघडले. म्हणजे चौतीस वर्षे धर्म पाळायचा तर केंद्रातली वर्दी सोडायची, अशी अट होती. आज ती नाही. पण केंद्राच्या भरतीत नुसता 'नवबौद्ध' लिहिलेला दाखला चालत नाही. यादीतल्या मूळ जातीचे नाव त्यात लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. धर्म बौद्ध लिहिल्याने काही अडत नाही. कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी रडण्यापेक्षा अर्ज भरण्याआधी हे पाहावे.

दुसरी गोष्ट खुल्या जागांची. खुला प्रवर्ग म्हणजे सवर्णांचा राखीव कोटा नव्हे. उत्तर प्रदेश पोलीस शिपाई भरतीत इतर मागास वर्गातील महिलांना खुल्या महिला जागांवर निवड झालेल्यांपेक्षा जास्त गुण होते, तरी त्यांना बाहेर ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव प्रकरणात १८ डिसेंबर २०२० रोजी हे चूक ठरवले. महिलांच्या समांतर आरक्षणातही खुली जागा सर्वांनाच खुली आहे. महाराष्ट्रातही २०१४ च्या एका परिपत्रकाने हाच अन्याय केला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये दूर केला. तेव्हा निवड यादी लागली की आपल्या मुलींनी आपले गुण आणि खुल्या महिलांतील शेवटचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. मात्र वयाची सवलत घेतली असेल तर खुल्या जागेवर जाता येते की नाही, हे त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून असते, तेही वाचावे.

इतके सगळे जमले तरी वर चढायची शिडी शाबूत आहे काय? २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने राज्याच्या पदोन्नतीतील आरक्षणाविरुद्ध निकाल दिला, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीच्या सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. नियम १३ 'सर्व स्तरांवर' म्हणतो. खालच्या पायरीवर १३ टक्के आणि वरच्या पायरीवर नशीब, हे सर्व स्तर नव्हेत. आणि आता तर पायऱ्याच काढून घेतल्या जात आहेत. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांना मनुष्यबळ कमी पडते म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार माणसे कराराने घेण्याचा निर्णय झाला. काही महिन्यांच्या करारावरच्या माणसाला ज्येष्ठता नाही, विभागीय परीक्षा नाही, तो कधीच अंमलदार होणार नाही. सैन्यात जून २०२२ पासून अग्निपथ आली. चार वर्षे नोकरी, चौघांतला एक कायम, पेन्शन नाही. सुटलेल्या अग्निवीरांना केंद्रीय दलांत १० टक्के राखीव जागा तेव्हाच जाहीर झाल्या. आता हिशेब करा. ज्या भरतीला मुळात जातीचे आरक्षण नाही, तिथून आलेल्यांना आरक्षण असलेल्या भरतीत वाट राखून ठेवली. अनुसूचित जातीच्या कोट्यातला अग्निवीराचा हिस्सा भरायला त्या जातीचे अग्निवीर आधी सैन्यात घेतलेले असले पाहिजेत. ते किती घेतले, हा आकडा मागितला पाहिजे. पेन्शनर गोपाळबाबांसारखी माणसे गावी परतणे १८९३ नंतर बंद झाले होते. चार वर्षांनी पंचविशीच्या आत परतणाऱ्या मुलाकडून आपण कोणते पुढारपण अपेक्षिणार?

काम करायचे तर ते जिल्ह्यातच करता येते. अत्याचार प्रतिबंधक नियमांतील नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायची आहे. समितीवर आपल्यातले अशासकीय सदस्य असतात, त्यांतले कित्येक चहा-बिस्किटे घेऊन सही करून येतात. पुढच्या बैठकीआधी त्यांनी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात व चौकीत मंजूर पदे किती, त्यांत अनुसूचित जाती व जमातीचे कर्मचारी पदनिहाय किती, ठाणे अंमलदाराचे काम त्यांच्यापैकी किती जणांना दिले जाते, मागल्या तीन वर्षांत ज्या ठाण्यांत अॅट्रॉसिटीचे सर्वाधिक गुन्हे दाखल झाले तिथे हे प्रमाण काय, आणि अनुसूचित जातीची किती पदे रिक्त आहेत. कोणाचेही नाव मागू नये, संख्या मागावी, म्हणजे वैयक्तिक माहितीचे कारण सांगून अर्ज फेटाळता येणार नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील तीस दिवसांच्या आत. उत्तर आले की ते कागद घेऊन बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'नियम १३ ची अंमलबजावणी' हा विषय लेखी मागावा आणि इतिवृत्तात तो नोंदवून घ्यावा. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत घ्यायला विसरू नये. पुढे उच्च न्यायालयात जनहित याचिका करायची वेळ आली तर आम्हा वकिलांना आधी तोच कागद लागणार आहे.